कोडोलीचा नकाशा कोडोलीकडे असावा

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य,
ग्रामपंचायत कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

विषय : गावाची भौगोलिक माहिती संगणकावरील नकाशा प्रणालीत एकत्र करून ती सर्वांसाठी खुली करण्याबाबत



कोडोलीची जमीन, पाणी, रस्ते आणि घरे यांविषयी आजवर नोंदली गेलेली माहिती थोडीथोडकी नाही; परंतु ज्या कार्यालयाने ती ज्या कामासाठी गोळा केली त्याच कार्यालयाच्या दप्तरात ती राहिली आहे, आणि एका दप्तरातील नकाशा दुसऱ्या दप्तरातील नकाशावर ठेवून पाहणे हे कोणत्याही एका कार्यालयाचे काम ठरलेले नाही. गटांचे नकाशे भूमि अभिलेख खाते सांभाळते, सातबारा महसूल खात्याकडे असतो, भूजलाचा अभ्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते, रस्त्यांची यादी जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्यात वाटली गेलेली आहे आणि उसाच्या क्षेत्राची नोंद साखर कारखान्याच्या शेती विभागात होते. एखादी पाणंद कोणत्या गटांतून जाते, ती ज्या ओढ्याला ओलांडते तो पावसाळ्यात किती पसरतो आणि त्या ओढ्याच्या काठावर पिण्याच्या पाण्याच्या किती विहिरी आहेत, हे तीन प्रश्न गावाच्या दृष्टीने एकच आहेत. कागदपत्रांच्या दृष्टीने मात्र ते तीन वेगळ्या खात्यांचे ठरतात. म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःच्या संगणकावर गावाचा नकाशा स्वतः बाळगावा, तो खुल्या स्वरूपात इतरांना द्यावा आणि तसा ठराव ग्रामसभेत करावा, ही या पत्रातील विनंती आहे.

येथे नकाशा या शब्दाने भिंतीवर लावण्याचे चित्र अभिप्रेत नाही. भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजे जीआयएसमध्ये, प्रत्येक विषयाचा एक स्वतंत्र थर असतो. विहिरींचा थर बिंदूंचा, पाणंदींचा थर रेषांचा आणि गटांचा थर बंदिस्त आकृत्यांचा, आणि यांतील प्रत्येक बिंदूला, रेषेला वा आकृतीला एका तक्त्यातील ओळ जोडलेली असते, जिच्यात विहिरीची खोली, पाणंदीची स्थिती किंवा गटाचा क्रमांक लिहिलेला असतो. सर्व थर पृथ्वीवरील खऱ्या अक्षांश-रेखांशांना बांधलेले असल्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या वर्षी आलेले थर एकमेकांवर नेमके बसतात आणि ओढ्यापासून शंभर मीटरांच्या आतल्या विहिरी दाखव, असा प्रश्न संगणकाला विचारता येतो. कागदावरचा नकाशा हे पाहण्याचे साधन आहे, तर हा नकाशा एक नोंदवही आहे, जिच्यातील चुकीची नोंद दुरुस्त करता येते आणि दुरुस्तीची तारीखही ठेवता येते.

हे काम करण्यासाठी क्यूजीआयएस नावाचे संगणकीय साधन जगभर वापरले जाते. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प आज अनेक देशांतील स्वयंसेवक आणि संस्था मिळून चालवतात. परवाना मुक्त असल्याने हे साधन कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, हव्या तितक्या संगणकांवर बसवता येते आणि विंडोज किंवा लिनक्स असलेल्या साध्या कार्यालयीन संगणकावरही एका गावापुरते काम ते नीट करते. नकाशासाठीचे परवानाबद्ध साधन विकत घेणे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे असते, ही अडचण त्यामुळे उरलेली नाही.

कोडोलीला हा विचार नवा नाही, आणि तेवढ्याचसाठी त्याचा इतिहास येथे सविस्तर सांगणे भाग आहे. कोडोलीला लागून असलेल्या वारणानगरला, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या आधाराने, १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूहातील सहकारी संस्था यांनी मिळून खर्च उचलला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली आणि वारणा परिसरातील सत्तर गावांना संगणकांनी जोडण्याचे ठरले. भारतातील खेड्यांत घराघरांत मोबाइल पोहोचण्याच्या कितीतरी आधी, ऊस उत्पादक शेतकऱ्याला आपल्या गावात बसून नोंदीची आणि वजनाची माहिती मिळावी, हा विचार येथे प्रत्यक्षात आला, ही या परिसराच्या अभिमानाची गोष्ट आहे.

त्या प्रकल्पाच्या उद्दिष्टांत या सत्तर गावांची भौगोलिक माहिती प्रणाली उभारून जमिनीच्या बाबतीतील कारभार अधिक पारदर्शक करणे, हेही एक उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात मात्र गावोगावच्या संगणक केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोड, वजन, खत आणि बिल या कारखान्याशी निगडित व्यवहारांसाठी होत राहिला. पुढे, २००० नंतरच्या दशकातच, मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधन संस्थेने कारखान्याच्या सहकार्याने काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांतून हीच माहिती देऊन पाहिली आणि ते शेतकऱ्यांच्या सोयीचे ठरले. यातून निघणारा निष्कर्ष तंत्रज्ञानाच्या विरोधात जात नाही. ज्या माहितीला रोजचा धनी होता, म्हणजे जी माहिती कारखान्याला आणि शेतकऱ्याला दोघांनाही हवी होती, ती साधन बदलले तरी टिकली. नकाशाला मात्र गावात धनी लाभला नाही. त्या काळी उपग्रहाची चित्रे महाग होती, साधने परदेशी आणि परवानाबद्ध होती, मोठ्या प्रमाणावरील नकाशांवर सरकारी निर्बंध होते आणि म्हणून गावाने स्वतः नकाशा ठेवावा, असे म्हणण्यालाही फारसा अर्थ नव्हता. आज या तिन्ही अडचणी दूर झालेल्या आहेत.

निर्बंधांचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण अनेक सुशिक्षित माणसांच्या मनात अजूनही नकाशा काढणे म्हणजे परवानगीचे काम, अशी समजूत आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती आणि संस्थांना भौगोलिक माहिती गोळा करण्यासाठी, तिचे नकाशे करण्यासाठी आणि ती प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज राहिलेली नाही. संवेदनशील बाबींची एक मर्यादित यादी तेवढी वगळायची आहे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही अधिसूचित झाले आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेली भौगोलिक माहिती लोकांना उपलब्ध असावी, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

माहिती शोधायची कोठे, हा पुढचा प्रश्न. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरून जमिनीची उंची दाखवणारा थर उतरवून घेता येतो आणि त्यावरून पाणी कोणत्या उताराने कोणत्या ओढ्याला मिळते, हे क्यूजीआयएस काढून देते. त्या थरातील प्रत्येक चौकोन सुमारे तीस मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा असतो, त्यामुळे गावाच्या पाणलोटासाठी तो उपयोगी आहे, एका शेताच्या चरासाठी नाही. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे २०१५ पासून विनामूल्य मिळतात आणि त्यांतील एक चौकोन दहा मीटर बाजूचा, म्हणजे बरोबर एक आर आणि जवळजवळ एक गुंठा असतो. उभा ऊस, खोडवा, मोकळे रान आणि पड यांतील फरक गुंठ्याच्या हिशोबाने पाहता येणे ही शेतकऱ्याला सहज समजणारी गोष्ट आहे. पावसाळ्यात मात्र आकाश ढगांनी भरलेले असल्याने ही चित्रे आंधळी होतात, तेव्हा ढगांतून आरपार पाहणाऱ्या सेंटिनेल-१ च्या रडार चित्रांकडे वळावे लागते, ज्यांत स्थिर पाणी काळे दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे, ओपनस्ट्रीटमॅप या जगभरच्या स्वयंसेवकांनी २००४ पासून रचलेल्या नकाशातील रस्ते आणि वस्त्या, आणि महाभूनकाशा या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर दिसणारे गटांचे नकाशे, हे यात मिळवले की ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील खुर्चीवरून न उठता बरेच काही हाती लागते.

ही माहिती दोन प्रकारे मिळते आणि त्यांतला फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. काही ठिकाणी दूरच्या संगणकावरील नकाशा केवळ चित्ररूपाने आपल्या पडद्यावर येतो. तो पार्श्वभूमीला ठेवता येतो, पण त्यातील एखादी रेषा उचलून तिची लांबी विचारता येत नाही. दुसऱ्या प्रकारात मूळ बिंदू, रेषा आणि आकृत्या तक्त्यासह हाती येतात, त्यांवर प्रश्न विचारता येतात आणि त्यात भर घालता येते. गटांचे नकाशे नागरिकाला आज मिळतात ते पहिल्या प्रकारचे, पाहण्यापुरते किंवा छापण्यापुरते. ग्रामपंचायतीने भूमि अभिलेख खात्याकडे रीतसर पत्र देऊन आपल्या गावापुरता दुसऱ्या प्रकारचा थर मागावा. स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच्या हद्दीचा नकाशा मागणे यात गैर काहीच नाही, आणि केंद्राच्या २०१२ च्या माहिती सामायिकीकरण धोरणापासून शासनाची घोषित दिशा तीच आहे. गावठाणाच्या ड्रोन सर्वेक्षणातून तयार होणारे नकाशे, ज्यांवरून मिळकत पत्रिका दिल्या जातात, त्यांनाही हेच लागू पडते.

तोपर्यंत जुना गाव नकाशा उपयोगी पडतो, आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीतून आलेले अनेक गाव नकाशे एक इंचाला वीस साखळ्या या प्रमाणावर काढलेले आहेत. येथे साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे, म्हणून आजच्या भाषेत ते प्रमाण एकास ७,९२० होते आणि कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळपास आठ मीटर भरतो. असा नकाशा तीनशे ठिपके प्रति इंच या घनतेने स्कॅन केला की त्यातील एक ठिपका जमिनीवर सुमारे दोन-तृतीयांश मीटरचा होतो, म्हणजे नकाशाच्या स्वतःच्या अचूकतेपेक्षाही तो बारीक असतो. त्यानंतर क्यूजीआयएसमध्ये हे चित्र उघडून त्याला पृथ्वीवरच्या जागी बसवायचे असते, ज्याला भूसंदर्भन म्हणतात. त्यासाठी कागदावरही आणि जमिनीवरही ओळखता येतील असे बिंदू निवडावे लागतात : तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तो दगड, जुन्या देवळाचा कोपरा, दोन ओढ्यांचा संगम, जुन्या बांधीव विहिरीचा काठ. रस्त्याची वळणे टाळलेली बरी, कारण रस्ते रुंद होताना वळणे सरकतात. ओढ्याचा संगमही पूर येऊन गेल्यावर तपासूनच घ्यावा लागतो. चार बिंदूंवर काम भागते असे वाटले, तरी घडी पडून आणि दमट हवेने कागद सगळीकडे सारखा ताणलेला नसतो, म्हणून गावाच्या चारही अंगांना आणि मध्यावर मिळून बारा-पंधरा बिंदू घेणे योग्य. प्रत्येक बिंदू किती चुकतो, हे साधन स्वतःच मीटरांत दाखवते, आणि जो बिंदू इतरांपेक्षा फार चुकतो तो एकतर चुकीचा ओळखलेला असतो किंवा जमिनीवरच बदललेला असतो. दोन्ही शक्यता गावात जाऊन पाहण्याजोग्या आहेत.

येथेच एक धोक्याची सूचना स्पष्ट शब्दांत नोंदवली पाहिजे. नकाशावरची रेषा अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी जमिनीवर ती चार मीटर रुंद होते, आणि बांध तेवढा रुंद नसतो. पायमार्गाची नोंदलेली रुंदी सव्वाआठ फूट, म्हणजे साखळीचा बरोबर पाव हिस्सा, ही त्या नकाशावर मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाहूनही कमी भरते. त्यामुळे अशा नकाशावरून पाणंद कोणत्या गटांच्या मधून जात होती, हे निश्चित सांगता येते. ती आज कोणाच्या बांधात किती फूट गेली आहे, हे मात्र सांगता येत नाही, आणि कोणी तसा दावा करू लागल्यास तो ग्रामपंचायतीने तेथेच थांबवावा. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचा आहे आणि रस्त्याच्या अडथळ्याचा निवाडा तहसीलदार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार करतात. गावाच्या नकाशाने त्या मोजणीची जागा घ्यायची नाही. मोजणी कोठे मागायची, हे त्याने दाखवायचे. दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषेने पायमार्ग दाखवणाऱ्या जुन्या नकाशावर उपग्रहाचे आजचे चित्र ठेवले असता जी तुटक रेषा उसाच्या फडात शिरून नाहीशी होते, ती ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावी, एवढे काम त्याच्याकडून होते, आणि तेही लहान नाही.

मोजमापाच्या पद्धतीचा विषय थोडक्यात आटोपता येईल. मोबाइल जे स्थान देतो ते अंशांत असते, आणि अंशांच्या थरावर शंभर मीटरांचा प्रश्न विचारला तर उत्तर निरर्थक येते. म्हणून मोजमापासाठी गावाचे सर्व थर मीटरांत मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ उत्तर या पट्ट्यात, ज्याची सांकेतिक संख्या ३२६४३ आहे, ठेवावेत. बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर पूर्व रेखांशांमधला प्रदेश या पट्ट्यात येतो, आणि सुमारे ७४.२ अंशांवरची कोडोली त्यात सहज बसते.

नावांचा गोंधळ याहून अधिक त्रास देतो. सातारा शहरालगतही कोडोली नावाचे गाव आहे, रोमन लिपीत गावांची नावे तऱ्हेतऱ्हेने लिहिली जातात, आणि जनगणनेचा तक्ता नकाशाला केवळ नावावरून जोडल्यास एका गावाची लोकसंख्या दुसऱ्या गावाच्या आकृतीत जाऊन बसण्याची शक्यता खरी आहे. म्हणून तक्ते जोडताना शासनाने प्रत्येक गावाला दिलेला संकेतांक वापरावा आणि नाव केवळ वाचण्यासाठी ठेवावे. देवनागरीचा प्रश्नही यातच येतो. शेपफाइल नावाचा, नव्वदच्या दशकापासून रूढ असलेला माहितीचा साचा तक्त्यातील स्तंभाच्या नावासाठी फक्त दहा बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणुकीची दहा एकके, देतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन एकके लागत असल्याने त्यात ‘विहीर’ हा साधा शब्दसुद्धा मावत नाही, शिवाय सोबतची लिपीविषयक फाइल हरवली की आतला मजकूर वाचता न येण्याजोगा होतो. क्यूजीआयएसच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून मूलभूत म्हणून स्वीकारलेल्या जिओपॅकेज या खुल्या साच्यात ही अडचण नाही. त्यात सर्व थर एकाच फाइलमध्ये राहतात आणि माळभाग, मळा, खोरी, टेक यांसारखी शिवारातली नावे जशी बोलली जातात तशी लिहिता येतात. ही नावे कोणत्याही सरकारी थरात नाहीत. ती वयस्क माणसांच्या तोंडी आहेत, आणि गावाने स्वतः नकाशा ठेवण्याचे सर्वांत बळकट कारण कदाचित हेच आहे.

वाटण्याचा प्रश्न शोधण्याहून अवघड आहे. नकाशा चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात दिला की घेणाऱ्याला तो फक्त पाहता येतो. त्यात चूक दिसली तरी दुरुस्त करता येत नाही आणि दुसऱ्या थराशी जोडता येत नाही. म्हणून मूळ थरच द्यावेत, आणि प्रत्येक थरासोबत तो कोणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या साधनाने, किती अचूकतेने केला, याची नोंद द्यावी. अशी नोंद नसलेला थर दोन वर्षांनी त्याच्या कर्त्यालाही ओळखू येत नाही. वापराची अटही लिहून द्यावी, कारण अट न लिहिणे म्हणजे परवानगी नव्हे : ग्रामपंचायतीचा नामनिर्देश करून कोणीही वापरावे, एवढे एक वाक्य पुरते. रस्ते, शाळा, दवाखाने, पाणवठे आणि वस्त्या यांचे थर ओपनस्ट्रीटमॅपमध्येही घालावेत, म्हणजे बाहेरून येणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाला आणि आपत्ती निवारणाच्या पथकाला ते आपोआप उपलब्ध होतील. मात्र तेथे गुगलच्या नकाशावरून गिरवलेली माहिती घालता येत नाही, ती स्वतः फिरून घेतलेली किंवा तशी मुभा असलेल्या चित्रावरून काढलेलीच असावी लागते.

सर्वच वाटावे असे नाही. सातबारावरील नावे शासनाच्या संकेतस्थळावर दिसत असली तरी ती गटाच्या थराला जोडून, दूरध्वनी क्रमांकांसह एका फाइलमध्ये बाहेर देणे वेगळे, आणि त्याचा उपयोग जमिनीच्या दलालांना गावकऱ्यांपेक्षा अधिक होईल. योजनांचे लाभार्थी, घरातील आजारपण, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे यांची माहिती आशा सेविकेच्या किंवा आपत्तीच्या कामासाठी गावाच्या संगणकावर असू शकते. प्रसिद्ध होणाऱ्या थरांत ती कदापि असू नये. वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा याच दिशेने बोलतो. परंतु कायदा नसता तरीही ज्या गावाने विश्वासाने माहिती दिली त्या गावाशी प्रामाणिक राहणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्यच ठरले असते.

वारणेचा विचार केल्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. चांदोलीच्या धरणापासून हरिपूरला कृष्णेत मिळेपर्यंत ही नदी बऱ्याच अंतरात कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची शीव आहे. शासकीय माहिती जिल्हावार ठेवली जाते, त्यामुळे एका काठाचे थर कोल्हापूरच्या कार्यालयांत आणि दुसऱ्या काठाचे सांगलीच्या कार्यालयांत असतात, आणि २०१९ व २०२१ चे महापूर मात्र दोन्ही काठांवर एकाच वेळी पसरले. कोणत्या साली पाणी कोणत्या शेतापर्यंत आणि कोणत्या घराच्या पायरीपर्यंत आले, हे काठावरच्या माणसांना ठाऊक आहे. ते बिंदूंच्या एका थरात सालासह उतरवले, त्याच्या खाली रडारचे चित्र ठेवले आणि पैलतीरावरच्या गावांनीही तसेच केले, तर दोन्ही थर एका साच्यात असल्यामुळे क्षणात जुळतील. माहिती वाटण्याचा खरा लाभ हा आहे : शेजारच्या गावाचा थर आपल्या थराला जोडता येणे. केरळमध्ये नव्वदच्या दशकात कल्याश्शेरीसारख्या पंचायतींनी शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक यांच्या मदतीने साधनसंपत्तीचे नकाशे वाटावाटांनी फिरून केले होते, आणि ते कागद-पेन्सिलीचे असूनही पुढच्या लोकनियोजनाला त्यांचा आधार मिळाला. कोडोलीच्या हाती त्याहून कितीतरी सोपी साधने आहेत.

हे काम करायला माणसेही दूरची नकोत. आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाला क्यूजीआयएस शिकणे अवघड नाही. वारणानगरला अभियांत्रिकीचे आणि इतर शाखांचे महाविद्यालय आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे आणि तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरे गाव हवे असते. मात्र विद्यार्थी येऊन जातात. म्हणून नकाशाचा कायमचा सांभाळकर्ता ग्रामपंचायतीच्या कार्यालयातलाच असावा आणि त्याचे नाव ठरावात यावे, ही यातील अत्यावश्यक अट समजावी. १९९८ चा अनुभव हेच सांगतो. जिओपॅकेजची एक प्रत दर महिन्याला वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे हेही त्याच व्यक्तीचे काम असावे.

वेळेचे गणित उसावर ठरवावे लागेल. उभ्या उसात मोबाइलला आकाश नीट दिसत नाही आणि स्थान दहा-पंधरा मीटरांनीही चुकू शकते. शिवाय पाणंद कोठे होती, हेही कळत नाही. गळीत हंगाम संपत आला की रान मोकळे होते, बांध दिसू लागतात, आणि त्या दिवसांत क्यूफील्ड हे क्यूजीआयएसला जोडलेले विनामूल्य मोबाइल साधन घेऊन प्रत्येक प्रभागातील दोन-तीन तरुण आणि शिवार जाणणारी एखादी वयस्क व्यक्ती यांनी मिळून पाणंदी, विहिरी आणि ओढे पायी फिरून नोंदवावेत. त्यासाठी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव व्हावा, फाल्गुन-चैत्रात शिवार फिरून व्हावे आणि तयार झालेला नकाशा मोठ्या आकारात छापून १ मेच्या ग्रामसभेत हरकतींसाठी मांडला जावा. ज्यांना संगणक वापरता येत नाही त्यांनी त्या छापील नकाशावर पेनने चूक दाखवावी, सांभाळकर्त्याने ती जागेवर जाऊन तपासावी आणि दुरुस्तीची तारीख तक्त्यात लिहावी. पहिल्या वर्षी पाणंदी, पिण्याचे पाणी आणि पूररेषा हे तीनच थर घ्यावेत. पुढचे कोणते, ते १५ ऑगस्टच्या ग्रामसभेने ठरवावे.

कळावे.

आपला विश्वासू,
एक ग्रामस्थ, कोडोली